इमारतीत गळती, तडे, निकृष्ट काम : विकासकाविरुद्ध तक्रार करण्याची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

ताबा घेऊन तिसरा पावसाळा. बेडरूमच्या भिंतीला ओल धरलेली, बाथरूमच्या छताचे पोपडे सुटलेले, पार्किंगच्या खांबाला बारीक तडा. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की ठरलेले उत्तर येते : "सोसायटी झाली, कन्व्हेयन्स झाले, आता ते तुमचे तुम्ही बघा."

हे उत्तर कायद्यात बसत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे आपण ज्याला 'रेरा' म्हणतो त्या कायद्याचे कलम ११ स्पष्ट सांगते की सगळ्या सदनिकांचे अभिहस्तांतरण (म्हणजे कन्व्हेयन्स, मालकी कायदेशीरपणे नावावर होणे) झाले तरी दोषांबाबतची विकासकाची जबाबदारी ठरलेल्या मुदतीपर्यंत चालूच राहते. पण कायदा आपल्या बाजूने असूनही अनेक तक्रारी लंगड्या पडतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. दोष विकासकाला नेमका कधी कळवला, याचा कागद नसतो.

पाच वर्षे कुठून मोजायची

कलम १४(३) नुसार बांधकामाच्या मूळ रचनेतला दोष, कारागिरीतला किंवा मालाच्या दर्जातला दोष, सेवा-सुविधांमधली उणीव किंवा करारात कबूल केलेल्या जबाबदारीतली कसूर ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत विकासकाच्या नजरेस आणून दिली, तर त्याने ती ३० दिवसांत, कोणताही जादा आकार न घेता दुरुस्त करून द्यायची असते. नाही केली तर खरेदीदार नुकसानभरपाईला पात्र ठरतो.

'लेखी कळवा' असे या कलमात म्हटलेले नाही, आणि लोक तिथेच फसतात. साइटवरच्या सुपरवायझरला चार वेळा सांगितले, त्याने प्लंबर पाठवला, दोन महिने बरे गेले, पुन्हा गळती. यात दोन वर्षे निघून जातात आणि सुनावणीत दाखवायला हाती काहीच उरत नाही. म्हणून पहिली ओल दिसली त्याच आठवड्यात पत्र लिहा. सदनिका क्रमांक, ताब्याची तारीख, दोष कुठे आणि कधीपासून दिसतो, सोबत फोटो, आणि "कलम १४(३) नुसार ३० दिवसांत दुरुस्ती करून द्यावी" हे एक वाक्य. करारनाम्यात विकासकाचा जो पत्ता आणि ई-मेल दिला आहे, त्यावरच पाठवा. स्पीड पोस्टची पावती आणि पोच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण जोडायला हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यावर नको.

पाच वर्षांची मुदत दोष कळवण्यासाठी आहे. चौथ्या वर्षी पत्र दिले आणि विकासकाने टोलवाटोलवी केली, तर पाचवे वर्ष उलटले म्हणून हक्क बुडत नाही. अर्थात पत्र देऊन पुढे वर्षानुवर्षे गप्प बसलात, तर 'इतका उशीर का' हा प्रश्न समोरून येणारच.

विकासकाचा हमखास बचाव असतो की हा बांधकामातला दोष नाही, सदनिकाधारकाने केलेल्या फेरफाराचा परिणाम आहे. बाथरूमच्या फरशा उखडून नव्या बसवल्या, भिंत पाडली, ग्रिल बाहेर काढून बाल्कनी आत घेतली, तर हा बचाव खरोखरच भारी पडतो. वापराने होणारी साधी झीजही दोषात धरली जात नाही. अंतर्गत काम करायचेच असेल तर आधी आहे त्या स्थितीचे फोटो काढून ठेवा.

कोण तक्रार करू शकतो, आणि कोणाविरुद्ध

सदनिका किंवा गाळा ज्याच्या नावे वाटप झाला तो. त्याच्याकडून पुढे विकत घेणाराही 'वाटपग्राही' या व्याख्येत येतो, त्यामुळे दुसऱ्या हाताने घर घेतले म्हणून दार बंद होत नाही. पाच वर्षे मात्र पहिल्या ताब्यापासूनच धरून चाला. भाडेकरू या व्याख्येत नाही. सामाईक भागातले दोष, म्हणजे गच्चीची गळती, लिफ्ट, पाण्याची टाकी, बाहेरच्या भिंती यांसाठी सोसायटीने तक्रार करणे सगळ्यात सोयीचे. कलम ३१ सदनिकाधारकांच्या संस्थेला आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही ती मुभा देते.

समोर कोणाला ठेवायचे, यातही घाई नको. बांधणारा एक आणि विकणारा दुसरा असेल तर कायदा दोघांनाही प्रवर्तक, म्हणजे विकासक मानतो आणि दोघांची जबाबदारी संयुक्त ठरते. बांधणारी कंपनी नावापुरतीच उरली असेल, तर याचा उपयोग वसुलीच्या वेळी कळतो. करारनाम्याच्या पहिल्या पानावर कोणकोण आहे ते नीट वाचा आणि त्या सगळ्यांना पक्षकार करा.

प्रकल्प महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. कायद्याचे हे भाग १ मे २०१७ रोजी लागू झाले. त्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींनाही नोंदणीची गरज नव्हती. अशांनी ग्राहक आयोगाचा रस्ता धरावा. त्याविषयी पुढे येईलच.

कागदपत्रे

नोंदणीकृत विक्री करारनामा आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा उतारा), पैसे भरल्याच्या पावत्या, ताबापत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हा पाया. ताबापत्र हरवले असेल तर ताब्याची तारीख दाखवणारे दुसरे काहीतरी शोधा, म्हणजे विकासकाचा ताबा घेण्याविषयीचा ई-मेल, देखभाल खर्चाची पहिली पावती किंवा वीजमीटर नावावर झाल्याचा कागद. त्यावर विकासकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार लावा. मंजूर नकाशा आणि करारातली सोयीसुविधांची यादी यांच्याशी प्रत्यक्ष काम ताडून पाहा. कबूल एक आणि दिले दुसरे, असे आढळले तर तो स्वतंत्र मुद्दा होतो. माहितीपत्रकातल्या खोट्या दाव्यांसाठी कलम १२ आहे, त्यामुळे जुने रंगीत माहितीपत्रक रद्दीत देऊ नका.

या सगळ्यात वजनदार कागद म्हणजे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल. नुसते 'गळती आहे' एवढ्याने भागत नाही. गळती का होते, जलरोधक थरच नाही की पाइपच्या सांध्यात चूक आहे, दुरुस्तीला किती खर्च येईल, हे त्यात असावे. इथे पैसे वाचवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे अहवाल असेल तर विकासकाला त्यातला एकेक मुद्दा खोडावा लागतो. नसेल तर नुसता नकार देऊन त्याचे भागते. स्वतः दुरुस्ती करून घेतली असेल तर कंत्राटदाराचे कोटेशन, बिल आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद लावा. सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि तक्रार करण्याचा अधिकार कोणाला दिला तो ठराव. ठरावाशिवाय अध्यक्षांनी परस्पर सही केली की विरोधी वकिलाचा पहिला आक्षेप तिथेच येतो.

अर्ज आणि सुनावणी

अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. आधी तक्रारदार म्हणून खाते उघडा, प्रकल्प निवडा, घटनाक्रम लिहा, कागदपत्रे चढवा आणि शुल्क भरा. तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. घटनाक्रम लिहिताना भावना बाजूला ठेवून तारीख, घटना आणि जोडपत्र क्रमांक अशी मांडणी ठेवली तर वाचणाऱ्याचे काम सोपे होते, आणि तुमचेही.

मागणी काय करायची ते मात्र नीट ठरवा. दुरुस्ती करून द्या, पैसे व्याजासह परत द्या, उशिराच्या ताब्यावर व्याज द्या, या गोष्टी प्राधिकरण ठरवते. नुकसानभरपाईची रक्कम ठरवण्याचे काम कलम ७१ खाली अभिनिर्णय अधिकाऱ्याचे, आणि ती व्यक्ती आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असते. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात पक्की केली. प्राधिकरणासमोर तक्रार 'अ' नमुन्यात आणि अधिकाऱ्यासमोर 'ब' नमुन्यात जाते. भरपाई ठरवताना झालेले नुकसान, कसुरीतून विकासकाला झालेला लाभ आणि तीच चूक तो पुन्हा पुन्हा करतो का, हे पाहिले जाते.

दोन्ही बाजूंची तयारी असेल तर सलोखा मंचाचा पर्यायही आहे. तिथे ग्राहक संघटना आणि विकासकांची संघटना यांचे प्रतिनिधी मिळून बसतात. केवळ दुरुस्तीचा प्रश्न असेल तर हा मार्ग मला बरा वाटतो, मात्र कामाची मुदत आणि तपशील लिहून घ्या. तडजोड फिसकटली तर पुढे सुनावणी आहेच.

वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव यांना अधिकार देता येतो. भरपाईचा अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. विकासकाने अपील केले, तर खरेदीदाराला द्यायची रक्कम व्याज आणि भरपाईसह आधी जमा केल्याशिवाय त्याचे अपील ऐकले जात नाही. आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत तर कलम ४० खाली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. वसुली वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते आणि तिथून तहसीलदाराकडे. विकासकाच्या न विकलेल्या सदनिका, जमिनी, बँक खाती यांची माहिती तुम्हीच गोळा करून तिथे दिली तर काम हलते. नुसती वाट पाहिली तर फाइल पडून राहते.

ग्राहक आयोग

रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सांगितले. घरासाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे पाय ठेवू नका.

शेजाऱ्यांनी कुठे जायचे

बाजूच्या प्लॉटवर पाया खणताना तुमच्या जुन्या इमारतीला तडे गेले, तर तुमचा विकासकाशी करार नाही आणि तुम्ही त्याचे ग्राहकही नाही. हा निष्काळजीपणाने केलेल्या अपकृत्याचा, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान केल्याचा, दावा होतो आणि तो दिवाणी न्यायालयात चालतो. आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क १८८२ चा सुविधाधिकार कायदा मानतो. खोदकाम चालू असेल तर थांबवण्यासाठी तातडीचा मनाई हुकूम मागता येतो, आणि महापालिकेच्या इमारत विभागाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. तडे आधीचेच होते असे विकासक म्हणणारच. शेजारी पत्रे लागले, पोकलेन आला, की घराच्या भिंतींचे तारीखवार फोटो काढा आणि जमल्यास इंजिनिअरकडून आधीच पाहणी करून घ्या. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. बांधकामावरून काही पडून कोणाचा जीव गेला तर वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा करता येतो, पण त्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून दोनच वर्षे मिळतात. पोलिसांतला गुन्हा वेगळा चालतो आणि त्याच्या निकालासाठी हा दावा थांबवून ठेवावा लागत नाही.