साडेसव्वीस डॉलर आणि त्यापुढचा हिशेब

तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या पाणपोईवर, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या हात धुण्याच्या नळांच्या वर दातेरी चाकाचं चिन्ह असलेली पाटी बहुतेकांनी पाहिलेली असते. मजकूर ठरलेला असतो. वर आपल्या गावचा रोटरी क्लब, खाली परदेशातल्या एखाद्या क्लबचं नीट उच्चारता न येणारं नाव, त्याखाली दोन डिस्ट्रिक्टचे, म्हणजे रोटरीने क्लबांच्या केलेल्या विभागांचे, चार आकडी नंबर आणि सगळ्यात शेवटी 'द रोटरी फाउंडेशन'. आपण पहिली ओळ वाचतो आणि पाणी पिऊन निघतो. पैसा कुठून आला हे बघायचं असेल, तर ही पाटी खालून वर वाचावी लागते.

फाउंडेशन म्हणजे अमेरिकेतली कुणीतरी गडगंज संस्था आणि ती आपल्याकडे पैसे धाडते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या फाउंडेशनचा पैसा मुख्यत्वे क्लबांच्या सभासदांचाच: औषधाच्या दुकानवाल्याचा, सीएचा, दातांच्या डॉक्टरचा, ट्रॅक्टरच्या डीलरचा. तो इथून वर जातो, तीन वर्षं बाहेर राहतो आणि परत येताना सोबत दुसऱ्या कुणाचे पैसे घेऊन येतो. ही व्यवस्था एका दिवसात कुणाला सुचलेली नाही. तिला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि त्यातली पहिली तीस तर जवळजवळ काहीच न घडता गेली.

क्लब आधी आले. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन ओळखीच्यांना गोळा केलं. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीचा हेतू सरळ होता: शहरात नव्या आलेल्या धंदेवाल्यांना चार मित्र मिळावेत, एकमेकांना गिऱ्हाईक मिळावं. समाजकार्य दोनेक वर्षांनी आलं, आणि त्यातलं पहिलं ठळक काम म्हणजे शिकागोत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून केलेली खटपट. आजही क्लबांच्या यादीत शाळेतली स्वच्छतागृहं असतात, तेव्हा विषय फारसा बदललेला नाही. भारतात पहिला क्लब १९२० च्या सुमारास कलकत्त्यात आला, मुंबईत १९२९ मध्ये.

अडचण पहिल्यापासून तीच. क्लब म्हणजे तीस-चाळीस माणसं. पदरमोड करून वह्या वाटता येतात, एखादं नेत्रशिबिर घेता येतं. पण दवाखान्याला यंत्रं द्यायची किंवा पाच गावांना पाणी द्यायचं म्हटलं की वर्गणीची वही पुरत नाही. शिवाय क्लबचा अध्यक्ष दर वर्षी १ जुलैला बदलतो. यंदाच्या अध्यक्षाने जमवलेलं पुढच्याच्या हाती किती उरेल, याची खात्री कुणी द्यायची?

यावर पहिला विचार मांडला तो क्लीव्हलँडचे लाकडाचे व्यापारी आर्च क्लम्फ यांनी. ते तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते. १९१७ च्या जूनमध्ये अटलांटाच्या अधिवेशनात त्यांनी सुचवलं की, जगात चांगली कामं करण्यासाठी आपण एक कायमनिधी उभारावा. आपल्याकडच्या देवस्थानांना आणि शिक्षणसंस्थांना ही कल्पना नवी नाही: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचं. पण वेळ वाईट होती. दोनच महिन्यांपूर्वी अमेरिका महायुद्धात उतरली होती आणि लोकांच्या खिशातला डॉलर युद्धकर्जाच्या रोख्यांकडे चालला होता. क्लम्फांच्या निधीत पहिली देणगी पडली ती पुढच्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. रक्कम २६ डॉलर ५० सेंट.

हा आकडा रोटरीवाले आज कौतुकाने सांगतात. त्या काळी क्लम्फांना तो सांगताना काय वाटलं असेल, कोण जाणे. अटलांटाच्या भाषणानंतर अकरा वर्षांनी, १९२८ मध्ये मिनिआपोलिसच्या अधिवेशनात निधीला 'द रोटरी फाउंडेशन' हे नाव मिळालं, पाच विश्वस्त नेमले गेले, क्लम्फ त्यांचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा तिजोरीत होते पाच हजार डॉलरांहून थोडे अधिक. दुसऱ्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. १९३० मध्ये फाउंडेशनने पहिलं अनुदान दिलं, ५०० डॉलर, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेला, आणि ती संस्थाही एका रोटेरियननेच काढलेली होती. पुढे १९३७ मध्ये वीस लाख डॉलर जमवण्याचं लक्ष्य जाहीर झालं. मग दुसरं महायुद्ध आलं, आणि लक्ष्य कागदावरच राहिलं.

गाडी हलली ती एका मृत्यूमुळे. २७ जानेवारी १९४७ ला पॉल हॅरिस गेले. फुलं नकोत, द्यायचं तर फाउंडेशनला द्या, ही त्यांची इच्छा माहीत होती. पुढच्या दीड वर्षात १३ लाख डॉलर आले. तीस वर्षांच्या भाषणांनी जे जमलं नव्हतं, ते शोकाने जमवलं. त्या पैशातून पहिल्यांदा १८ तरुणांना परदेशी शिकायला शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. म्हणजे फाउंडेशनचा पहिला मोठा खर्च गावच्या कामांवर झालाच नाही, विद्यार्थ्यांवर झाला.

देणाऱ्याचा मान कसा राखायचा, याचं उत्तर १९५७ मध्ये सापडलं. हजार डॉलर देणाऱ्याला 'पॉल हॅरिस फेलो' म्हणायचं ठरलं. आपल्याकडच्या क्लबांत 'पीएचएफ झाला का?' हा प्रश्न जावई काय करतो, या सुरात विचारला जातो. कोटावरची पिन, गळ्यातलं पदक, टाळ्या. यात थोडी हौस आहे, थोडी चढाओढ आहे, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवरही देणगीदारांची नावं कोरलेली असतातच. गंमत आकड्याची आहे. १९५७ पासून आजपर्यंत रक्कम हजार डॉलरच राहिली. तेव्हा डॉलर होता चार रुपये शहात्तर पैशांना, म्हणजे मान पाच हजारांच्या आत मिळत होता. आज तोच मान ऐंशी हजारांच्या वर जातो. अमेरिकन सभासदासाठी पीएचएफ होणं वर्षागणिक सोपं होत गेलं, आपल्यासाठी अवघड. तरीही भारतीयांची रांग कमी झालेली नाही.

क्लबांच्या दृष्टीने खरं वळण आलं १९६५ मध्ये, मॅचिंग ग्रँट सुरू झाली तेव्हा. तत्त्व साधं होतं: तुम्ही घाला, तेवढे आम्ही घालतो. पण एक अट होती, आणि माझ्या मते सगळी हुशारी त्या अटीत आहे. काम एका देशातल्या क्लबने एकट्याने करायचं नाही, दुसऱ्या देशातला क्लब भागीदार हवा. आता सांगलीकडच्या क्लबला कुठल्या परदेशी क्लबला पत्र लिहून पटवावं लागलं की, आमच्याकडे मोतीबिंदूचं यंत्र का हवं, चालवणार कोण, बिघडलं तर काय. त्या क्लबने गाव पाहिलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न विचारतो. आणि स्वतःचेही पैसे घातलेले असतात, म्हणून प्रश्न मनापासून विचारतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याला तिथेच चाप बसतो.

मधल्या काळात फाउंडेशनने मोठ्या कामात हात घातला. १९७९ मध्ये फिलिपाइन्सच्या सरकारशी करार करून साठ लाख मुलांना पोलिओचा डोस देण्याचा कार्यक्रम घेतला, खर्च ७ लाख ६० हजार डॉलर. तो जमला, म्हणून १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' जाहीर झालं. १२ कोटी डॉलर जमवायचे होते, १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. पुढे गेट्स फाउंडेशनने रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे स्वतःचे दोन घालायला सुरुवात केली. एकास एकाचा जुना खेळ आता फाउंडेशनशीच कुणीतरी खेळत होतं. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पिवळी टोपी घालून बसलेले काका आणि बाळाच्या करंगळीवरची शाईची खूण ज्यांना आठवते, त्यांना अधिक सांगायला नको. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. मात्र पोलिओसाठी दिलेला पैसा पोलिओलाच जातो, पाणपोईला नाही. क्लबांच्या कामांचा झरा वेगळा आहे.

तो झरा असा. सभासद 'ॲन्युअल फंड'ला देणगी देतो. ती लगेच खर्च होत नाही, तीन वर्षं गुंतवली जाते आणि त्या उत्पन्नातून कार्यालयाचा खर्च निघतो. तीन वर्षांनी साधारण निम्मी रक्कम ज्या डिस्ट्रिक्टमधून आली तिथे परत येते, तिला डीडीएफ म्हणतात. उरलेली निम्मी 'वर्ल्ड फंड'मध्ये, सगळ्या जगासाठी. डीडीएफचा अर्ध्यापर्यंतचा भाग डिस्ट्रिक्ट आपल्या क्लबांना छोट्या कामांसाठी वाटू शकतं. बाकीचा मोठ्या, म्हणजे ग्लोबल ग्रँटच्या कामांत घालता येतो, आणि तिथे वर्ल्ड फंड आपली भर टाकतो. म्हणून डिस्ट्रिक्टच्या सभेत 'तीन वर्षांपूर्वी आपण किती दिलं होतं' हा प्रश्न निघाला की हॉल जरा शांत होतो. आज चणचण भासत असेल, तर ती तेव्हाची असते.

अनुदानांची ही रचना २०१३ पासून सगळीकडे लागू झाली. त्याआधी तीन वर्षं शंभर डिस्ट्रिक्टमध्ये तिची चाचणी चालली. बदलाचं कारण रास्त होतं: चिल्लर अनुदानं फार झाली होती, प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि काम किती टिकलं हे पाहायला कुणी उरत नव्हतं. आता ग्लोबल ग्रँटसाठी कमीत कमी ३० हजार डॉलरचं काम लागतं, म्हणजे पंचवीस लाखांहून अधिक रुपये. डीडीएफवर वर्ल्ड फंडची भर आधी पूर्ण मिळायची, २०२१ पासून ती ८० टक्के झाली. उदाहरण म्हणून मांडतो. दोन डिस्ट्रिक्टनी मिळून डीडीएफमधले १२ हजार डॉलर घातले, त्यावर वर्ल्ड फंडचे ९,६०० आले, दोन्ही क्लबांनी रोख ८,४०० घातले, की झाले ३० हजार. गावच्या क्लबने स्वतःच्या खिशातून चार-पाच लाख काढले, आणि उभं राहिलं काही डायलिसिस यंत्रांचं काम.

कागदपत्रांचा भाग मात्र भलताच कडक. क्लबच्या लोकांनी आधी प्रशिक्षणाला हजर राहायचं, करारावर सही करायची, गावाची गरज पाहणी करून लिहून द्यायची. पाणी, आरोग्य, माता-बालक, शिक्षण असे ठरावीक विषय, त्यात २०२१ पासून पर्यावरणाची भर पडली. दर वर्षी अहवाल, आणि कागद निदान पाच वर्षं जपून ठेवायचे. परदेशी पैसा म्हटला की आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आलाच, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देताही येत नाही. भारतातल्या देणग्यांसाठी 'रोटरी फाउंडेशन (इंडिया)' ही वेगळी नोंदणीकृत संस्था आहे, आणि तिच्या पावतीवर आयकरात सवलत मिळते.

कामाच्या 'टिकाऊपणा'वर फाउंडेशनचा एवढा जोर का, हे आमच्या तालुक्यातली एक शाळा पाहिली की कळतं. तिथे वॉटर कूलर बसला, उद्घाटनाला मंडप पडला, पाटी लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात फिल्टर तुंबला. तो बदलायचे पैसे कुणी द्यायचे हे कुणीच ठरवलं नव्हतं. मुलं पुन्हा मागच्या टाकीवर गेली. कूलरच्या तोट्या कुणीतरी काढून नेल्या, पाटी मात्र अजून चकचकीत आहे. ते काम कुठल्या ग्रँटचं होतं हे महत्त्वाचं नाही. असे कूलर खूप ठिकाणी आहेत, आणि फाउंडेशनचे हे सगळे रकाने त्यांच्याच अनुभवातून आलेले दिसतात.

एक तक्रार उरतेच. ३० हजार डॉलरचा उंबरठा शहरातल्या क्लबांना सोयीचा आहे. वीस सभासदांच्या क्लबला गरज असते ती एका वाडीवर बंधाऱ्याची दुरुस्ती करण्याची, आणि तिचा खर्च असतो तीन लाख. मग दोनच वाटा राहतात: डिस्ट्रिक्टच्या छोट्या अनुदानाची वाट पाहायची, नाहीतर काम फुगवायचं. दुसरी वाट कुणी घेत नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

दरम्यान पैशाची दिशा थोडी बदलली आहे. बराच काळ भारतातले क्लब पाटीच्या पहिल्या ओळीत असायचे, काम करणारे म्हणून, आणि दुसरी ओळ अमेरिकेची, कॅनडाची, जपानची. अलीकडच्या वर्षांत फाउंडेशनला देणाऱ्या देशांत अमेरिकेच्या पाठोपाठ भारताचं नाव येऊ लागलं. १९९१-९२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष असलेले चंडीगडचे राजेंद्र साबू यांनी १९९८ मध्ये भारतीय डॉक्टरांचं पथक शस्त्रक्रियांसाठी युगांडात नेलं, आणि पुढे आफ्रिकेत अशा फेऱ्या होत राहिल्या. भारतीय क्लब आता दुसऱ्या देशांतल्या कामांना भागीदार म्हणूनही सही करतात. तिकडच्या एखाद्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पाटीच्या दुसऱ्या ओळीत 'इचलकरंजी' असं लिहिलेलं असेल, तर पाणी प्यायला थांबलेला माणूस ते नाव कसं वाचत असेल, कोण जाणे.