होमलोन फिटलं, पण घराची फाईल कुठाय?

सँक्शन लेटरमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रात, कुठंतरी 'इक्विटेबल मॉर्गेज' (कागद जमा करून घर गहाण) असं छापलेलं असतं आणि आपण सह्या ठोकत पुढं जातो. तुमच्या फ्लॅटचं ओरिजिनल ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आधीच्या मालकांच्या ॲग्रीमेंटची चेन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, हे सगळं कर्जाची हमी म्हणून बँकेकडे जमा केलं की घर गहाण पडलं, वेगळं गहाणखत लागत नाही, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये तशी सोयच आहे. "म्हणजे घर बँकेच्या नावावर झालं का?" हे आम्हाला रोज विचारतात. नाही हो, मालकी तुमची, ताबापण तुमचाच.

महाराष्ट्रात 2013 पासून एक काम वाढलंय. कागद जमा केल्यावर 30 दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण टाकल्याची सूचना, फाईल करायची, ऑनलाईनपण होते, आणि ही जबाबदारी बँकेची नाही तर कर्जदाराची असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता खरा घोळ. शेवटचा हप्ता गेला, पेढे वाटले, विषय संपला असं वाटतं, आणि पाच-सात वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की समोरच्याचा वकील सर्च रिपोर्टमध्ये (जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) ती जुनी नोटीस बघतो आणि व्यवहार अडतो. त्यामुळे कर्ज फिटल्याच्या बँकेच्या नुसत्या एनओसीवर खूश होऊ नका, रजिस्ट्रारकडची नोंद, सोसायटीच्या रेकॉर्डमधला बँकेचा बोजा आणि सातबारा असेल तर इतर हक्कातला बोजा, तिन्ही उतरवून घ्या. सातबाऱ्याचं तलाठ्याकडे फेरफार टाकल्याशिवाय होत नाही, आपोआप काही कमी होत नसतं.

कर्ज फेडलं की कागद परत मागायचा हक्क त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 60 ने दिलाय, लोन ॲग्रीमेंटमध्ये काहीही लिहिलेलं असो. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2023 चा आदेशपण आहे: पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद बँकेकडून हरवले तर डुप्लिकेट काढायला मदत आणि खर्च बँकेचाच, फक्त त्याला अजून 30 दिवस धरा. भरपाई मागायला लोक उगाच लाजतात.

कागद घ्यायला जाताना जमा केल्याची यादी सोबत न्या, एकेक कागद टिक करा, चेनमधल्या प्रत्येक ॲग्रीमेंटची पानं तिथंच मोजा आणि मगच पोचवर सही करा.