पनवेल–बोरघाट–वडगाव मोहीममार्ग

पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना बरोबर घेऊन पुण्यावर चालून गेली, तो पनवेल बंदर ते तळेगाव आणि माघारी वडगाव मावळपर्यंतचा मार्ग. मोहीम नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या तहाने संपली. या वाटेचे पहिले टोक आज नवी मुंबईला चिकटले आहे. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातले इतिहासाचे हौशी अभ्यासक आणि घाटवाटा तुडवणारे भटके ती आधुनिक नकाशांवर बसवून पाहतात.

ठाणेकरांना या वाटेचे अगत्य असायला कारण आहे. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला डिसेंबर १७७४ अखेर जिंकला होता (त्याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे). १७७३ पासून घेतलेला मुलूख, म्हणजे ठाण्यासकट साष्टी बेट, परत करण्याचे कलम वडगावच्या तहात होते. इंग्रजांनी पुढे तह धुडकावला आणि साष्टी त्यांच्याकडेच राहिली. वडगावला झालेली सही पाळली गेली असती, तर ठाणे तेव्हाच पुन्हा पेशव्यांच्या ताब्यात आले असते.

फौज ३,९०० च्या आसपास होती. ओझ्याला मात्र १९,००० बैल. या दोन आकड्यांतच मोहिमेची निम्मी कथा आली. कॅप्टन स्टुअर्टच्या तुकडीने पुढे जाऊन बोरघाट, म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा घाट, धरला, पण मुख्य फौज पनवेलला उतरल्यावर खंडाळ्याला पोचायला महिना लागला. खंडाळा ते कार्ला हे ८ मैल, म्हणजे १३ किलोमीटर, काटायला ११ दिवस गेले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मराठी मुलखात तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात राहिला. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून बेचिराख केले होते. ना दाणा, ना वैरण. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी महादजी शिंदे यांच्या फौजेने त्यांना वडगावला कोंडले.

ही वाट नकाशावर आखताना नवखा माणूस हटकून एक चूक करतो. फोनवरच्या नकाशात पनवेल आणि वडगाव अशी दोन नावे टाकली की निळी रेघ उमटते, आणि तीच मोहिमेची वाट वाटू लागते. वास्तविक ती रेघ २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गाची असते. त्याखाली आणखी थर आहेत: १८६३ ची घाटातली रेल्वे, १८३० चा गाडीरस्ता, आणि त्याच्याही आधी, १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा चढाव्यात म्हणून नीट करून घेतलेली वाट. १७७८ ची फौज या सगळ्यांच्या आधीची. गाडीरस्त्याच्या काळातला अमृतांजन पूल ही घाटातली मोठी खूण होती. एप्रिल २०२० मध्ये तो पाडल्यावर आता जुन्या छायाचित्रांवरून त्याची जागा हुडकावी लागते.

म्हणून कामाची सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशा-पत्रकांपासून करावी. जुन्या क्रमांकानुसार पनवेल ४७ एफ/१ मध्ये येते, खोपोली आणि खंडाळा ४७ एफ/५ मध्ये, तर तळेगाव आणि वडगाव ४७ एफ/१० मध्ये. लोणावळा नेमके पत्रकांच्या शिवेवर पडते. दोन कागद जुळवून चिकटवताना गावाचे दोन तुकडे होतात आणि चिकटपट्टीखाली निम्मी नावे जातात. जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर, बेतलेली असतात आणि फोनमधले जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर चालते. हा फरक दुरुस्त केला नाही तर वाट नाल्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारते आणि माणूस ठार चुकीच्या सोंडेला (डोंगराच्या उतरत्या धारेला) लागतो. जुना कागद उपग्रहचित्रावर बसवायला न हललेल्या खुणा लागतात: बोगद्याचे तोंड, देऊळ, तळे. खोपोलीचे नाना फडणवीसांच्या नावाने ओळखले जाणारे तळे त्यासाठी सोयीचे. समुद्राकडच्या टोकाला अशी खूण सापडणे कठीण. खाडीकाठी भराव पडले आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून नदीचा प्रवाह वळवला गेला. जुन्या पत्रकावर तिथे समोच्चरेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) वेटोळी आहेत, नव्या चित्रात धावपट्टी.

घाटात खरे वाचन समोच्चरेषांचे. खोपोली ते खंडाळा चढ साधारण ५०० मीटरचा, म्हणजे दर २० मीटर उंचीला एक अशा पंचवीसेक रेषा. त्या जिथे एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात तिथे कडा. तिथून एकटा माणूस जाईल, लादलेला बैल नाही. जिथे त्या सुटतात तो पदर, कड्याच्या मधली सपाट पायरी, आणि तळ पडायला तीच जागा. नाळेतली, म्हणजे दोन सोंडांमधल्या अरुंद घळीतली, वाट जवळची असते, पण तोफा सोंडेवरूनच चढवता येतात. ठाकरवाडीत विचारताना ‘इंग्रजांची वाट कुठली’ असे विचारू नये. समोरचा माणूस सौजन्याने कुठलीही दाखवतो. ‘ढोरं कुठून वर नेता?’ असे विचारले की हात बरोबर दिशेला उठतो.

कुरवंड्याच्या घाटाशी गल्लत तर नेहमीची. तो बोरघाटाच्या दक्षिणेला आहे आणि १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान त्या घाटाने उतरून उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडला. लोणावळ्यालगतच्या या दोन मोहिमा एकाच रेघेवर ओढलेले नकाशे आंतरजालावर फिरत असतात. एक फौज उतरत होती, दुसरी चढत होती, आणि मध्ये ११७ वर्षे गेली होती.

प्रत्यक्ष फिरायला ठाण्याहून सकाळची खोपोली लोकल पकडावी. कर्जत–खोपोली फाटा १८५६ चा आहे, घाटातल्या रेल्वेच्याही आधीचा. तेव्हा खोपोलीला उतरून पुढचा घाट पालखीने किंवा गाडीने चढत. शिंग्रोबाच्या देवळापाशी ट्रकवाले आजही नारळ फोडतात. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची दंतकथा सांगतात. ती रस्ता–रेल्वेच्या काळातली आहे, या मोहिमेला जोडू नये. दरीत आणि बोगद्यांजवळ जीपीएसची रेघ वेडीवाकडी होते. ती घरी येऊन हाताने साफ करावी लागते.

रेघ एकाच जाडीची काढणे हा या कामातला सगळ्यात मोठा अप्रामाणिकपणा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तारखेसकट नोंदलेले मुक्काम ठळक ठिपक्यांनी दाखवावेत, चढाचा भाग पट्ट्याने, आणि पनवेल ते खोपोलीचे सपाट अंतर तुटक रेघेने. मुक्कामाच्या ठिपक्याशेजारी फौज तिथे किती दिवस अडकली तो आकडा लिहावा. इष्टुर फाकड्याची समाधी वडगावला दाखवतात. तो पडला मात्र कार्ल्याला, सोळाएक किलोमीटर अलीकडे. नकाशावर या दोन वेगळ्या खुणा हव्यात.