भुताची गोष्ट निराळी, गूढकथा निराळी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या छोट्या वाचनालयात हमखास कुणीतरी विचारतं, "नऊ वर्षांची आहे हो, भुताचं पुस्तक देऊ का तिला?" विचारणाऱ्या आईच्या हातात कधी कोकणातल्या भुतांच्या गोष्टी असतात, कधी गूढकथांचा संग्रह. दोन्ही एकाच फळीवरचे, मुखपृष्ठंही तशीच काळीकुट्ट. पण वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत चार-पाच वर्षांचं अंतर आहे, असं माझं ठाम मत आहे.

भुताच्या गोष्टीला नियम असतात. मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, म्हणून तो मुंजा. हडळीची पावलं उलटी, तेव्हा ती ओळखता येते. गिऱ्हा पाण्यापाशी. चकवा लागला की वाट सापडत नाही, मग आहे तिथेच बसून राहायचं, उजाडलं की सुटका. तळकोकणातला आणि गोव्यातला देवचार तर गावाचा राखणदार, त्याचा मान त्याला दिला की झालं. कोण, कुठे, का आणि त्यावर उपाय काय, सगळं गोष्टीतच सांगितलेलं असतं. म्हणून सात-आठ वर्षांचं मूल आजीला घट्ट चिकटून ऐकतं आणि संपल्यावर म्हणतं, "पुन्हा सांग."

गूढकथेत भूत असेलच असं नाही. घर नेहमीचं, माणसं नेहमीची, फक्त कुठेतरी काहीतरी बिनसलेलं. ते का, याचं उत्तर लेखक मुद्दाम देत नाही, आणि उपाय तर नाहीच.

रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी नाटकं लिहिली आणि मोठ्यांसाठी गूढकथा. 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला पाहून मुलं किंचाळतात, पण ती हरणार याची त्यांना खात्री असते. मतकरींच्या गूढकथा मात्र मोठ्या माणसालाही रात्री दिवा लावायला लावतात. लेखक तोच, म्हणून वय तेच असं होत नाही.

पालकांची चूक नेमकी इथे होते. यात भूत नाही, म्हणजे सौम्य असणार, असं वाटतं. मीही ती केली. माझी भाची तेव्हा दहा वर्षांची होती, मोठ्यांची पुस्तकं घडाघडा वाचायची. मी तिला एक गूढकथा दिली. त्यात घरी परतलेली आई हुबेहूब आईसारखीच असते, एवढंच. भाची रडली नाही, ओरडली नाही. पुढचे आठ दिवस मात्र ती झोपण्याआधी माझ्या बहिणीचा चेहरा निरखायची आणि हळूच विचारायची, "आई, तूच आहेस ना?" मला आजही त्याचं वाईट वाटतं. वाचता येणं आणि पेलणं यांत मी गल्लत केली होती.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोॲन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा बराच अभ्यास केला. चिडला की हिरवा राक्षसी हल्क होणाऱ्या माणसाची टीव्ही मालिका पाहताना, शाळेत जाण्याआधीच्या वयाची चिमुरडी त्याचं रूप बदलताना घाबरायची. मोठ्या मुलांना ठाऊक असायचं की हिरवा झाला तरी तो भल्यांच्याच बाजूचा. लहानांना घाबरवतं ते दिसणं, आणि मोठं होता होता घाबरवायला लागते शक्यता. भुताची गोष्ट दिसण्यावर चालते, गूढकथा शक्यतेवर.

म्हणून मी वय विचारत नाही. मागच्या गोष्टीनंतर मुलाने काय विचारलं, ते विचारते. "आपल्या घरी असं होईल का?" असं विचारत असेल, तर अजून मुंजा आणि चकवाच बरे. "लेखकाने असं का केलं?" असं विचारायला लागलं की गूढकथा खुशाल द्यावी.

भाची आता तेरा वर्षांची आहे. दिवाळीत तिने तेच पुस्तक आपण होऊन मागून घेतलं, एका बैठकीत संपवलं आणि शेवट असा अर्धवट का सोडला म्हणून माझ्याशी तासभर भांडली.