सीलच्या पिल्लाला उचलायचं की नुसतं राखायचं, यामागची गोष्ट

ऊसतोड सुरू झाली की आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या फडात रानमांजराची पिल्लं सापडतात. टोळी थांबते, पोरं गोळा होतात आणि कुणीतरी पिल्लं टोपलीत घालून घरी नेतं. मीही एकदा नेली होती, दोन होती, कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं, तिसऱ्या दिवशी दोन्ही गेली. नंतर गावातल्या एका सर्पमित्रानं सांगितलं, अरे आई रात्री येऊन नेते की त्यांना, तेवढा कोपरा सोडून तोड चालू ठेवायची. ते ऐकून जे वाटलं ते अजून मनातून जात नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे युरोपच्या किनाऱ्यावर सील या समुद्रातल्या सस्तन प्राण्याची पिल्लं वाचवणाऱ्या लोकांचा इतिहास बघितला तर तिथंही हाच प्रश्न आहे, पिल्लू एकटं आहे म्हणजे अनाथ आहे का, आणि याचं उत्तर सापडायला त्यांना पन्नास-साठ वर्षं लागली.

सुरुवात मारण्यापासूनच आहे. सील मासे खातो, जाळी फाडतो, म्हणून नेदरलँड्समध्ये एके काळी सील मारणाऱ्याला सरकारकडून बक्षीस मिळायचं. ब्रिटनमध्ये ग्रे सील ही जात फार थोडी उरलीय असं वाटायला लागलं तेव्हा 1914 मध्ये कायदा करून विणीच्या दिवसांत त्यांची शिकार बंद केली. डच, म्हणजे नेदरलँड्सच्या, किनाऱ्यावर शिकार थांबायला 1962 उजाडलं. पण शिकार थांबूनही तिकडच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्रातले सील वाढेनात, 1970 च्या दशकाच्या मध्यावर तर डच भागात जेमतेम पाचशे उरले होते. ऱ्हाइन नदीतून कारखान्यांची पीसीबी नावाची रसायनं समुद्रात यायची, माशांत जायची, माशांतून सीलच्या अंगात. पीटर रेइन्डर्स या शास्त्रज्ञानं बारा-बारा माद्यांचे दोन गट करून एका गटाला वाडन समुद्रातले मासे दिले, दुसऱ्याला बाहेरचे, आणि वाडनचे मासे खाणाऱ्या माद्यांना पिल्लं कमी झाली. हा अभ्यास 1986 ला छापून आला. म्हणजे रोग नदीत होता, आणि लोक किनाऱ्यावर एकेक पिल्लू वेचत होते.

तरी त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. जिथं पाचशेच उरलेत तिथं एकेक पिल्लू म्हणजे लाखमोलाचं. नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावर 1952 पासून सील सांभाळायचे, तिथल्याच पीटरब्युरेन गावात लेनी ट हार्ट या बाईंनी 1971 ला स्वतःच्या परसात सुरुवात केली आणि त्याचं पुढं जगभर माहीत असलेलं केंद्र झालं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये केन जोन्स यांनी 1958 ला सेंट ॲग्नेसला हेच काम सुरू केलं, जागा पुरेना म्हणून 1975 ला ग्वीकला हलवलं.

स्वयंसेवकांची फळी मात्र खरी उभी राहिली ती 1988 ला. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेन्मार्कच्या अॅनहोल्ट बेटावर सीलमध्ये साथ सुरू झाली, कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगासारखाच विषाणू, आणि वर्षभरात उत्तर युरोपात हार्बर सील या जातीचे सुमारे 18,000 सील मेले. किनाऱ्यावर मेलेली आणि धापा टाकणारी जनावरं एकत्र पडलेली, आणि काय करायचं कुणालाच ठाऊक नाही. त्यातूनच ब्रिटनमध्ये काही डायव्हर मंडळींनी ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू ही संस्था काढली. 2002 ला तीच साथ परत आली, परत अॅनहोल्टपासूनच, आणि वीस हजारांच्या वर सील गेले.

केंद्रात आणलेल्या पिल्लाचं काय करतात ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. आधी दूध नाही, मासा नाही, नळीनं क्षाराचं पाणी, कारण पोट एकदम चालत नाही. मग हेरिंग मासा वाटून केलेला रस, मग अख्खा मासा हातानं घशात सारायचा, आणि शेवटी पाण्यात टाकलेला मासा स्वतः पकडेपर्यंत थांबायचं. चावला तर बोट सुजतं, त्याला सील फिंगरच म्हणतात, औषधही वेगळं लागतं. हे सगळं महिनोन्महिने चालतं, म्हणून ज्याला गरज नाही त्याला उचलणं फार वाईट.

आणि गरज नसलेलीच बरीच उचलली जायची. हार्बर सीलची आई वाळूवर पिल्लू ठेवून मासे मारायला जाते, पिल्लू रडत बसतं. ग्रे सीलची आई तर जेमतेम तीन आठवडे पाजते, दूध निम्म्याहून जास्त चरबीचं, आणि मग पिल्लाला सोडून कायमची निघून जाते, हे त्यांच्यात रीतसरच आहे. आता वाडन समुद्रात हार्बर सीलची मोजणी 20,000 च्या वर जाते, म्हणून डच लोकांनी 2020 ला करारच केला, पिल्लू दिसलं की आधी लांबून नजर ठेवायची, गरज पडली तर चोवीस तास, आणि उचलायचं की नाही ते शिकलेल्या माणसानंच ठरवायचं. केंद्रं काढणाऱ्यांनाच उचलू नका म्हणावं लागलं, हे मला फार मोठं वाटतं.

माझा भाचा स्कॉटलंडला शिकायला आहे, त्यानं तिकडं एक दिवसाचं ट्रेनिंग घेतलं. पाणी भरलेला खोटा सील उचलायचा सराव, आणि डोळे बघायला शिकवतात, कारण तब्येतीच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती ओलं वर्तुळ असतं, पाणी कमी पडलेल्याचे डोळे कोरडे. नोव्हेंबरात त्याचा फोन आला, वादळानंतर एक पांढरं पिल्लू वाळूवर होतं, कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांना लांबून वळवत हा पाच तास उभा. "मामा, बोटं गारठून गेली, पण डोळे ओले होते बघ त्याचे." भरतीचं पाणी चढल्यावर आई लाटेतून वर आली, हुंगलं, आणि कुशीवर वळून पाजायला लागली.