बँकेच्या वहीतून बाजारात: उदयोन्मुख देशांचे कर्जरोखे आणि ईटीएफ

उदयोन्मुख देशांच्या रोख्यांचा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात खरेदी-विक्री होणारा फंड, विकत घेणे आज शेअर घेण्याइतके सोपे झाले आहे. एका युनिटमधून मेक्सिको, तुर्कस्तान, ब्राझील, इंडोनेशिया अशा डझनावारी देशांच्या सरकारी कर्जाचा बारीकसा वाटा आपल्या नावावर होतो. या सोयीमागे मात्र दोनशे वर्षांचा हिशेब आहे आणि त्यातली बरीचशी पाने बुडालेल्या कर्जांची आहेत. मोठ्या देशाने हात वर केले की नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहिला. त्याच्या उत्तरांमधूनच या बाजाराची आजची रचना तयार झाली.

1820 च्या दशकात स्पेनच्या तावडीतून सुटलेल्या लॅटिन अमेरिकी प्रजासत्ताकांनी लंडनच्या बाजारात कर्जरोखे विकायला सुरुवात केली. इंग्लंडच्या सरकारी रोख्यांवरचे व्याज कमी होते, त्यामुळे दूरदेशीचे जास्त व्याज लोकांना खुणावत होते. दुरून कोणालाच काही तपासता येत नव्हते. ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाने 1822 मध्ये 'पोयाइस' नावाच्या देशाचे 2 लाख पौंडांचे कर्ज उभारायला काढले. असा देशच अस्तित्वात नव्हता. खऱ्या देशांची गतही फार वेगळी झाली नाही. दशक संपेपर्यंत ब्राझील सोडून या भागातल्या जवळपास सगळ्या नव्या सरकारांनी हप्ते थांबवले होते.

या अनुभवावरचा एक उपाय 1868 मध्ये लंडनमध्येच निघाला. 'फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट'ने अनेक गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून ते तुर्कस्तान, इजिप्त, रशिया, स्पेन, पेरू अशा अनेक देशांच्या रोख्यांत विभागून गुंतवले. मोठ्या भांडवलदाराला जोखीम वाटून घेण्याची जी सोय असते, ती मध्यम ऐपतीच्या माणसालाही मिळावी, हा या ट्रस्टचा जाहीर हेतू होता. आजच्या ईटीएफचा खरा पूर्वज मी यालाच मानतो. टोपलीत काय असावे आणि ती कोणासाठी असावी, हे दोन्ही तेव्हाच ठरले होते. वसुलीची खात्री मात्र टोपली करूनही मिळाली नाही. 1870 च्या दशकात तुर्कस्तान, इजिप्त, पेरू या तिघांनीही कर्ज थकवले.

विसाव्या शतकात दोन महायुद्धे आणि महामंदी यांच्यामुळे हा रोखेबाजार जवळपास आटला. तो पुन्हा उभा राहण्याआधी एक मोठे वळण आले. 1973 नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि तेल विकणाऱ्या देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत साचला. बँकांनी तो लॅटिन अमेरिकेच्या सरकारांना कर्जाऊ दिला. हे कर्ज रोख्यांच्या रूपात नव्हते. अनेक बँका मिळून देत असत, व्याजदर बदलता असे आणि सगळी रक्कम बँकांच्या वहीत राही. देश दिवाळखोर होत नाहीत, असे सिटिकॉर्प या अमेरिकी बँकेचे प्रमुख वॉल्टर रिस्टन सांगत असत. पुढे महागाई रोखण्यासाठी पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात नेले आणि बदलत्या व्याजाचा सगळा भार ऋणको देशांवर कोसळला. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने आपल्याला हप्ते भरणे शक्य नसल्याचे कळवले. त्यामागून एकेक करत बाकीचे देशही त्याच वाटेने गेले.

पुढची सात वर्षे या देशांसाठी फार क्रूर होती. बँकांनी कर्ज बुडाल्याचे मान्य केले असते तर काही मोठ्या बँकांचे भांडवलच संपले असते. म्हणून मुदतवाढ आणि जुने व्याज भरण्यापुरते नवे कर्ज, हाच खेळ चालू राहिला. लॅटिन अमेरिकेत या काळाला 'हरवलेले दशक' म्हणतात. पगार, शाळा, दवाखाने यांच्यावरचा खर्च छाटून हप्ते भरले जात होते. 1987 मध्ये सिटिकॉर्पने बुडीत कर्जांसाठी 3 अब्ज डॉलरची तरतूद केली, तेव्हा कुठे नुकसान झाले आहे ही गोष्ट उघडपणे ताळेबंदात आली.

मार्च 1989 मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री निकोलस ब्रॅडी यांनी मांडलेली योजना मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते. थकलेल्या कर्जावरचा हक्क बँकांनी सोडायचा आणि त्याबदल्यात ऋणको देशाचे नवे रोखे घ्यायचे, असा तो व्यवहार होता. मेक्सिकोबरोबर 1990 मध्ये पहिला करार झाला आणि त्यात बँकांपुढे पर्याय ठेवले गेले. एकात मुद्दल 35 टक्क्यांनी कमी होणार होते. दुसऱ्यात मुद्दल तेवढेच राहणार होते, पण व्याज 6.25 टक्क्यांवर कायमचे बांधले जाणार होते. ज्यांना यातले काहीच नको होते, त्यांनी नवे कर्ज द्यायचे. तीस वर्षांनी मुद्दल परत मिळेल याची हमी म्हणून अमेरिकी सरकारचे शून्य कूपन रोखे (मधे व्याज न देता मुदतीअखेर एकरकमी पैसे देणारे) तारण ठेवले गेले. ब्राझील, अर्जेंटिना, पोलंड, फिलिपिन्स, नायजेरिया असे अनेक देश पुढे याच मार्गाने गेले.

कर्जमाफीइतकाच महत्त्वाचा परिणाम असा झाला की वहीत अडकलेले कर्ज आता हातोहात विकता येऊ लागले. बँकांनी हे रोखे विकून टाकले आणि ते पेन्शन फंड, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांच्याकडे गेले. तोट्याचा धनी बदलला.

विकता येणाऱ्या वस्तूला मोजपट्टी लागतेच. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या ब्रॅडी रोख्यांवर आधारित 'एम्बी' (इमर्जिंग मार्केट्स बाँड इंडेक्स) निर्देशांक काढला आणि पुढे त्याची विस्तारित रूपे आणली. अमेरिकी सरकारी रोख्यांपेक्षा एखाद्या देशाच्या रोख्यांवर किती जास्त व्याज मिळते, हे त्यातून रोज दिसू लागले. अर्जेंटिनात हा आकडा 'रिएस्गो पाइस' म्हणजे देशाची जोखीम या नावाने घरोघरी माहीत झाला. अशा निर्देशांकांत एक मूळचा दोषही आहे. ज्याचे कर्ज जास्त, त्याला वजन जास्त. म्हणून मोठ्या ऋणकोंच्या वजनाला लगाम घालणाऱ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

त्यानंतरची संकटे सर्वपरिचित आहेत: 1994 चा मेक्सिको, 1997 चा थायलंड, 1998 चा रशिया. 1999 मध्ये इक्वाडोरने खुद्द ब्रॅडी रोख्यांवरचेच देणे चुकवले. 2001 च्या अखेरीस अर्जेंटिना कोसळला. ज्यांनी तडजोड नाकारली त्या फंडांशी न्यूयॉर्कच्या न्यायालयांत चाललेला त्याचा झगडा 2016 पर्यंत मिटला नाही. या खेपेला समोर मोजक्या बँका नव्हत्या, हजारो विखुरलेले रोखेधारक होते. त्या सगळ्यांना एका टेबलावर आणणे फार अवघड होते. म्हणून 2003 पासून न्यूयॉर्कच्या कायद्याखालच्या रोख्यांतही बहुमताचा निर्णय सर्वांवर बंधनकारक करणारी कलमे रूढ होऊ लागली.

ईटीएफ आले ते 2007 च्या अखेरीस. अमेरिकेतले रोख्यांचे पहिले ईटीएफ 2002 मध्ये निघाले होते. ऑक्टोबर 2007 मध्ये पॉवरशेअर्सने आणि डिसेंबरमध्ये आयशेअर्सने उदयोन्मुख देशांच्या डॉलर रोख्यांचे फंड बाजारात आणले. पहिल्याने देशांना साधारण सारखे वजन दिले, तर दुसऱ्याने एम्बी कुळातला निर्देशांक धरला. 2010 मध्ये स्थानिक चलनातल्या रोख्यांचेही फंड आले. हा भेद महत्त्वाचा आहे. डॉलर रोख्यांत चलन घसरल्याचा भार ऋणको देशावर पडतो, स्थानिक रोख्यांत तो गुंतवणूकदाराच्या पदरात येतो.

या फंडाचे युनिट बाजार चालू असताना क्षणोक्षणी विकता येते. आतले रोखे मात्र डीलरकडून फोनवर किंवा स्क्रीनवर भाव विचारून विकले जातात आणि काही रोख्यांचे दिवसचे दिवस सौदेच होत नाहीत. दोन्हींची सांगड घालण्याचे काम मोठे दलाल करतात. ते फंडाला रोखे देऊन युनिट घेतात किंवा युनिट देऊन रोखे परत नेतात. एरवी यामुळे युनिटचा भाव आतल्या मालमत्तेच्या जवळ राहतो. मार्च 2020 मध्ये ही सांगड सैल झाली. त्या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी उदयोन्मुख देशांच्या शेअर आणि रोख्यांतून 80 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम काढली आणि अनेक रोखे ईटीएफ त्यांच्या जाहीर निव्वळ मूल्याच्या, म्हणजे आतल्या रोख्यांच्या हिशेबी किमतीच्या, बऱ्याच खाली विकले गेले. फंड मोडला, असे तेव्हा काहींना वाटले. माझ्या मते ईटीएफचा भावच खरा होता. निव्वळ मूल्य ज्या किमतींवर काढले जात होते, त्या किमतीला ते रोखे घ्यायला कोणी तयार नव्हते.

फंड निर्देशांकाप्रमाणे रोखे घेतात, म्हणून निर्देशांकात कोणता देश असावा हे ठरवणाऱ्या समित्यांचे वजनही या काळात वाढत गेले. 2019 मध्ये सौदी अरेबिया, कतार अशा श्रीमंत आखाती देशांना जेपी मॉर्गनने आपल्या डॉलर निर्देशांकात घेतले. जून 2024 पासून भारताचे रुपयातले सरकारी रोखे स्थानिक चलनाच्या निर्देशांकात टप्प्याटप्प्याने आले. 31 मार्च 2022 ला रशिया बाहेर काढला गेला. तोवर त्याचे रोखे विकणेच अशक्यप्राय झाल्यामुळे फंडांना त्यांची किंमत जवळपास शून्य धरावी लागली.

त्याच 2022 मध्ये अमेरिकी व्याजदर झपाट्याने चढले आणि डॉलर रोख्यांचा प्रमुख निर्देशांक सुमारे 18 टक्के घसरला. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात; दीर्घ मुदतीच्या रोख्यांमुळे असा फंड अमेरिकी व्याजदराशी किती घट्ट बांधलेला आहे, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले. श्रीलंकेने एप्रिलमध्ये आणि घानाने डिसेंबरमध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. श्रीलंकेची रोखे-अदलाबदल डिसेंबर 2024 मध्ये झाली. त्यातल्या काही नव्या रोख्यांवर किती पैसे मिळणार, हे पुढच्या वर्षांतल्या तिथल्या आर्थिक उत्पादनावर ठरणार आहे. अर्थव्यवस्था सावरली तर रोखेधारकाला जास्त मिळेल, नाही तर कमी.