काच जाड नको, चांदी हवी

स्वतःचं घर बांधायला काढलेला माणूस खिडक्यांपाशी आला की हमखास म्हणतो, “काच जरा जाडच घेऊ, उष्णता अडेल.” नाही अडत. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे किती वॉट उष्णता पलीकडे जाते, ते यू-मूल्य. ४ मिलिमीटर काचेचं ते सुमारे ५.८, १० मिलिमीटरचं ५.६. एवढ्यासाठी अडीचपट वजन!

दोन काचांमध्ये १६ मिलिमीटर हवा कोंडली की आकडा २.७ च्या आसपास येतो. फट याहून फार रुंद केली तर आतली हवा वरखाली फिरू लागते आणि फायदा थांबतो. हवेऐवजी आर्गॉन भरला तर वहन आणखी घटतं. पण खरी गंमत पुढेच आहे. या फटीतून जाणाऱ्या उष्णतेचा निम्म्याहून मोठा वाटा वहनाचा नाही, अभिसरणाचाही नाही, तो प्रारणाचा. उबदार काच समोरच्या गार काचेकडे साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीचं अवरक्त प्रारण सतत फेकत असते, आणि या कामात साधी काच भलतीच तरबेज: तिची उत्सर्जकता, म्हणजे असं प्रारण फेकण्याची क्षमता, १ पैकी ०.८४ च्या आसपास.

इथे चांदी येते. सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर. त्यातले मुक्त इलेक्ट्रॉन या लांब लहरींच्या तालावर सहज डोलतात आणि लहर परतवून लावतात. भौतिकशास्त्रज्ञ किर्खहॉफने १८५९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जे शोषत नाही ते उत्सर्जितही करत नाही. म्हणून उत्सर्जकता ०.०५ च्याही खाली उतरते. दृश्य प्रकाश मात्र पार होतो, कारण थर अतिपातळ आणि त्याच्या दोन्ही अंगांचे ऑक्साइडचे थर परावर्तन मारून टाकतात. आर्गॉनसह यू-मूल्य १.१ पर्यंत येतं. हीच लो-ई, म्हणजे कमी उत्सर्जकतेची, काच.

‘नॅनो’ शब्द ऐकून मात्र हुरळू नका. यू-मूल्य विचारा, तेही चौकटीसकट अख्ख्या खिडकीचं. अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड चौकटीतून उष्णता धो धो वाहते. उन्हाच्या प्रदेशात सौर उष्णता किती आत येते, तो आकडा वेगळा असतो, तोही मागा. नुसती काळी काच ऊन पिऊन स्वतः तापते, आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते.

खात्री करायची तर संध्याकाळी दुहेरी काचेसमोर मेणबत्ती धरा. चार पृष्ठभागांच्या चार ज्योती दिसतात. त्यातल्या एकीचा रंग वेगळा दिसला, तर चांदी तिथे आहे. एका मित्राच्या नव्या खिडकीत चारही ज्योती सारख्याच पिवळ्या निघाल्या. बिलावर लो-ई लिहिलेलं होतं.